मला फोरहँड येतो असं वाटत होतं

मागच्या जुलैमधली गोष्ट आहे. स्क्वॉश खेळायला लागून चार महिने झाले होते, आणि स्क्वॉश शिकवणाऱ्या एका सरांनी पहिल्यांदा माझा खेळ बघितला, जेमतेम दहा मिनिटं. मग म्हणाले, "मॅडम, बॅकहँड चांगलाय तुमचा. फोरहँड मात्र पहिल्यापासून करावा लागंल." मला ऐकताना वाटलं की यांनी उलटं बोललं असणार. कारण मी जिंकायचे ते सगळे पॉइंट फोरहँडवरच, म्हणजे उजव्या बाजूच्या फटक्यावरच जिंकायचे, आणि बॅकहँडला, डाव्या बाजूला बॉल आला की मला धडकी भरायची.

आता नऊ महिने झालेत, आणि त्यांचं ते वाक्य शंभर टक्के खरं होतं हे मला पटलंय. हे लिहितेय कारण माझ्यासारखं बॅडमिंटनमधून स्क्वॉशकडे येणारं पब्लिक आपल्याकडे खूप आहे आणि सगळ्यांचा गोंधळ साधारण एकाच ठिकाणी होतो असं मला दिसतंय.

थोडं आधीचं सांगते. मी सांगलीची, कॉलेजमध्ये बॅडमिंटन खेळायचे, बऱ्यापैकी खेळायचे. मग नोकरी, लग्न, मुलगी, पंधरा वर्षं रॅकेट कपाटावर. पुण्यात आता ज्या सोसायटीत राहतो तिथे क्लबहाउसमध्ये स्क्वॉश कोर्ट आहे, लाकडी फ्लोअर, मागे काचेची भिंत, एकदम व्यवस्थित, पण खेळायला कोणीच नाही, मुलं पावसाळ्यात आत फुटबॉल खेळायची. मी आणि वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण, दोघींनी ठरवलं की आपण खेळू. रॅकेट मागवल्या, नॉन-मार्किंग शूज घेतले, आणि सुरू केलं. शिकवायला कोणी नव्हतं. ज्यांनी कोर्ट आतून बघितलं नसेल त्यांच्यासाठी, ते फार मोठं नसतं, पावणेदहा मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद, चारही बाजूंना भिंती, आणि दोघीही त्याच डब्यात, म्हणजे बॅडमिंटनसारखी मध्ये नेट नाही. समोरच्या भिंतीवर खाली ४८ सेंटीमीटर उंचीची टिन असते, बॉल तिला लागला की पत्र्याचा खण्ण आवाज येतो आणि पॉइंट गेला. तो आवाज मी पहिल्या चार महिन्यांत किती ऐकला असेल याला गणती नाही.

आणि माझा फोरहँड काय होता, तर मनगट. बॅडमिंटनमध्ये शटल पाच ग्रॅमच्या आसपास, रॅकेट हलकी, तिथे मनगटाचा झटका दिला की काम होतं आणि वर्षानुवर्षं हाताला तेच माहीत. स्क्वॉशचा बॉल २४ ग्रॅमचा, रबरी, तो खाली येतो, गुडघ्याच्याही खाली, आणि त्याला झटका मारला की रॅकेटचं तोंड मिटतं, म्हणजे खाली झुकतं, बॉल एकतर टिनमध्ये जातो नाहीतर जोरात जाऊन कोर्टाच्या मधोमध येऊन पडतो. मैत्रिणीला तो पोचायचा नाही म्हणून मला पॉइंट मिळायचा. पण जरा खेळणारं माणूस समोर असेल तर मधोमध पडलेला बॉल म्हणजे ताटात वाढून दिल्यासारखं आहे. मला मिळणारे पॉइंट माझ्या शॉटचे नव्हते, समोरची नवीन होती म्हणून मिळत होते. हे सर बोलले नसते तर मला दोन वर्षं कळलं नसतं.

बॅकहँडचं तसं नव्हतं. बॅडमिंटनमध्ये मी बॅकहँड टाळायचेच, पळून फोरहँडला घ्यायचे, त्यामुळे हाताला त्याची काही सवयच नव्हती. स्क्वॉशमध्ये तो टाळता येत नाही, डाव्या भिंतीला चिकटून बॉल आला की दुसरा पर्यायच नाही, म्हणून मी तो व्हिडिओ बघून, आरशासमोर उभं राहून, शून्यापासून शिकले. म्हणून तो साफ होता. जे येत नव्हतं ते नीट शिकले आणि जे येतंय असं वाटत होतं ते तसंच चालवत राहिले.

सर मूळचे वाईजवळचे. आर्मीच्या स्क्वॉश कोर्टवर बरीच वर्षं मार्कर होते, म्हणजे ऑफिसर लोकांना खेळवायचं, शिकवायचं, कोर्ट सांभाळायचं. आमच्या सोसायटीत एका मुलाला शिकवायला यायचे, तिथून ओळख झाली. पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं तर माझा बॉल काढून घेतला. मी डबल यलो डॉटनी, म्हणजे दोन पिवळे ठिपके असलेल्या बॉलनी खेळत होते (बॉल किती उडतो ते ठिपक्यांवरून कळतं), कारण दुकानात सांगितलं की मोठे खेळाडू हाच वापरतात. ते खरंच आहे, पण तो बॉल गरम असेल तरच उडतो, आणि तो गरम ठेवायला तुमच्या शॉटमध्ये दम आणि सातत्य लागतं. आमच्यासारख्यांच्या हातात तो थंडच राहतो, पुण्यातल्या सकाळी तर जास्तच, टप्पा पडला की तिथेच बसतो, आणि मग तो उचलायला आपण वाकून, घाईत, मनगटानेच मारतो. म्हणजे चुकीचा बॉलच मला चुकीचा शॉट शिकवत होता. सरांनी रेड डॉटचा दिला, तो थोडा मोठा असतो आणि जास्त उडतो. अचानक वेळ मिळायला लागला. नवीन कोणी सुरू करत असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, कोणी काही म्हणो, रेड किंवा सिंगल यलोनीच सुरू करा.

मग ग्रिप. तीन आठवडे फक्त ग्रिप. सरांनी बॉलपेननी माझ्या हातावर अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये व्ही काढला आणि रॅकेटच्या दांड्याच्या वरच्या आतल्या कडेवर एक रेघ मारली, ती रेघ आणि व्ही जुळले पाहिजेत. हात मिळवतो तशी रॅकेट धरायची, तर्जनी बाकीच्या बोटांपासून जरा सुटी, आणि रॅकेटचं तोंड किंचित वर उघडं. ऐकायला सोपं आहे. हळू खेळताना जमायचंही. पण बॉल जोरात आला, घाई झाली की हात आपोआप दांड्यावर फिरायचा आणि जुनी तवा धरल्यासारखी ग्रिप यायची, मला कळायचंसुद्धा नाही, टिनचा आवाज आला की खाली बघायचे तर रेघ भलतीकडेच. सर म्हणाले, घरी रॅकेट हातात घेऊन बसा, फिरवा, न बघता पकडा, मग बघा. मुलीचा अभ्यास घेताना मी हे करायचे, रोज शंभर वेळा तरी. त्या काळात मी मैत्रिणीकडून सलग हरत होते आणि मनात यायचं की हे सगळं कशासाठी, आधी तर जिंकत होते ना. हा टप्पा फार वाईट असतो. जुनं सोडलेलं असतं आणि नवीन आलेलं नसतं.

ऑगस्टमध्ये एक दिवस सरांनी रॅकेट बाजूला ठेवायला सांगितली. विचारलं, "नदीवर दगड फेकलेत का कधी? चपटा, पाण्यावर टप्पे घेत जातो तसला?" आता मी सांगलीची आणि ते वाईचे, दोघांची नदी कृष्णाच, म्हटलं फेकलेत की, भरपूर. त्यांनी चार-पाच जुने बॉल दिले आणि सांगितलं की सर्व्हिस बॉक्समध्ये (फ्लोअरवरचा सर्व्हिस करायचा चौकोन) उभं राहून तसाच, बाजूने, खालून, समोरच्या भिंतीवर फेका, सर्व्हिस लाइनच्या, म्हणजे त्या भिंतीवरच्या मधल्या रेघेच्या वर. वीस-पंचवीस फेकले. मग म्हणाले, आता हाताकडे बघा, काय काय हलतंय. आणि मला पहिल्यांदा दिसलं की आधी कोपर पुढे येतंय, मग कोपराखालचा हात वळतोय, आणि मनगट आहे त्याच कोनात राहतंय, ते झटकत नाहीये. जोर खांद्यातून आणि हात वळण्यातून येतोय. तेच परत रॅकेट घेऊन. पहिले दहा वाया गेले, अकरावा की बारावा असा लागला की आवाजच वेगळा आला, भरीव, आणि हाताला काही जाणवलंच नाही, जोर लावल्यासारखं काही वाटलंच नाही. मी सरांकडे बघितलं. ते नुसते म्हणाले, "हां. तसं."

वाटलं झालं, आला फोरहँड. पण उभं राहून स्वतःच्या हातानी टप्पा देऊन मारणं वेगळं आणि पळत जाऊन मारणं वेगळं. रॅली सुरू झाली की परत मनगट. मला कळेना की आता काय चुकतंय, ग्रिप बरोबर, हात बरोबर, मग काय? शेवटी मागच्या काचेबाहेर स्टूलवर फोन ठेवला आणि अर्ध्या तासाचा व्हिडिओ काढला. तो रात्री स्लो करून बघितला, आणि खरं सांगते, एवढं शिकवणारं दुसरं काही नाही. दर वेळी मी बॉलच्या अंगावर जाऊन पोचत होते. मारताना बॉल माझ्या मांडीपासून वीतभर लांब, कोपर बरगडीला चिकटलेलं, हात उघडायला जागाच नाही. मग अशा वेळी शरीराकडे एकच गोष्ट उरते, मनगट. म्हणजे आजार पायात होता आणि आम्ही इतके दिवस औषध हाताला लावत होतो.

सरांना दाखवलं तर म्हणाले, "बॉलवर जायचं नाही, बॉलच्या शेजारी जायचं." आणि फ्लोअरवर माझी पाण्याची बाटली ठेवली. टी वरून निघायचं, टी म्हणजे कोर्टाच्या मध्यावर जिथे रेघा मिळतात ती जागा, आणि बाटलीपासून अशा अंतरावर थांबायचं की हात जवळजवळ सरळ असताना रॅकेटचं डोकं बाटलीला टेकेल. डावा पाय पुढे, उजव्या भिंतीच्या दिशेने, गुडघा वाकलेला, छाती भिंतीकडे, समोर नाही. थांबायचं, मारायचं, परत टी. बॉलच नाही. घोस्टिंग म्हणतात याला. रोज दहा मिनिटं, घामाघूम व्हायला होतं आणि कंटाळाही येतो, पण माझ्या मते फोरहँडचं निम्म्याहून जास्त काम इथे झालं. (सर असंही म्हणाले की मोठे खेळाडू उजवा पाय पुढे ठेवूनही मारतात, मागच्या कोपऱ्यात तर बऱ्याचदा तसंच मारावं लागतं, पण ते नंतर.)

आणि मग सगळ्यात अवघड गोष्ट, थांबणं. बॅडमिंटनमध्ये लहानपणापासून डोक्यात बसलंय की लवकर घे, वर घे, खाली पडू देऊ नकोस. इथे बॉल टप्पा घेऊन वर येतो, मग खाली यायला लागतो, आणि गुडघ्याच्या उंचीला, पुढच्या पायाच्या रेषेत आला की मारायचा. तोवर उभं राहायचं. तो अर्धा सेकंद मला सहन व्हायचा नाही, वाटायचं आता गेला, आता गेला, आणि मी पुढे झेपावून मारायचे, त्यामुळे बॉल सरळ न जाता तिरका मधे जायचा. सर मागून ओरडायचे, "येऊ द्या की! गडबड कशापायी?" पण रॅकेट मात्र बॉल समोरच्या भिंतीला लागायच्या आतच वर गेलेली पाहिजे, डोक्याच्या उंचीला, तयार. म्हणजे तयारी लवकर आणि मारायचं उशिरा. माझं बरोबर उलटं होतं, रॅकेट उशिरा वर जायची आणि मारायचे लवकर. हे वाक्य मी फोनमध्ये लिहून ठेवलंय आणि आजही कोर्टवर जाताना वाचते.

मध्ये दोन वाईट गोष्टी झाल्या त्या पण सांगायला हव्यात. सप्टेंबरमध्ये नवीन स्विंगच्या उत्साहात माझा हात मागे फार लांब जायला लागला होता, आणि एका रॅलीत माझी रॅकेट मैत्रिणीच्या दंडावर बसली. मोठा सुजला होता, आठवडाभर निळा. डोळ्यावर लागली असती तर, हा विचार माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही. त्या दिवसापासून दोघींनी गॉगल घेतले, आणि हे आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, कारण स्क्वॉशचा बॉल ४ सेंटीमीटरचा असतो, डोळ्याच्या खोबणीत बसेल एवढा. सरांनी मग मला मागच्या काचेपासून हातभर अंतरावर उभं करून मारायला लावलं, काचेला रॅकेट लागली नाही पाहिजे. स्विंग छोटा झाला आणि गंमत म्हणजे शॉट जास्त बरोबर जायला लागला. दुसरं म्हणजे ऑक्टोबरमध्ये कोपर दुखायला लागलं, बाहेरच्या बाजूने, चहाचा कप उचलताना कळ यायची. फिजिओनी तीन आठवडे बंद सांगितलं. रॅकेट फार घट्ट आवळत होते आणि दांडा माझ्या हाताला बारीक होता, वरून एक ओव्हरग्रिप गुंडाळली, व्यायाम केले, दिवाळीनंतर परत सुरू.

परत आल्यावर सरांनी उंची बदलली. मी सगळं खाली आणि जोरात मारायचे, टिनच्या जरा वर. ते म्हणाले सर्व्हिस लाइनच्या वर मारा, ती रेघ १.७८ मीटरवर असते, आणि बॉल मागे जाऊ द्या. उजव्या सर्व्हिस बॉक्सच्या मागे, भिंतीला लागून एक ए-फोर कागद चिकटवला. पन्नास ड्राइव्ह, म्हणजे भिंतीलगत सरळ मागे जाणारे शॉट मारायचे, टप्पे कागदावर किती पडतात मोजायचे. पहिल्या दिवशी ४. नोव्हेंबर संपताना ११. लेंग्थ म्हणजे काय हे मला कागदामुळे कळलं, बॉल नुसता मागे जाऊन उपयोग नाही, त्याचा दुसरा टप्पा मागच्या भिंतीजवळ पडला पाहिजे, म्हणजे समोरच्याला तो मागून सहज उचलता येत नाही.

डिसेंबरमध्ये चेन्नईला स्क्वॉशचा वर्ल्ड कप झाला, एक्स्प्रेस अव्हेन्यू मॉलमध्ये काचेचं कोर्ट लावून. आपण फायनलमध्ये हाँगकाँगला ३-० हरवलं आणि पहिल्यांदा वर्ल्ड कप जिंकला, आणि फायनलची पहिली मॅच जोश्ना चिनप्पानी जिंकून दिली. जोश्ना १९८६ ची, माझ्याच वयाची, ३९. टीममधली अनाहत सिंग तर तेव्हा १७ वर्षांची. मी मॅच बघताना बॉल बघायचं सोडून फक्त जोश्नाचा रॅकेटचा हात बघत बसले होते. समोरची मारतेय तोवर हिची रॅकेट वर. दर वेळी. आणि मग ती थांबते, एक क्षण, आणि त्या क्षणात समोरच्या खेळाडूला कळत नाही की आता सरळ येणार की तिरका की ड्रॉप, म्हणजे पुढेच हळू टाकलेला. तेव्हा मला थांबण्याचं दुसरं कारण समजलं. मला वाटत होतं थांबायचं ते नीट मारण्यासाठी. पण थांबलं की समोरच्यालाही थांबावं लागतं. लवकर मारणारा आपला शॉट आधीच सांगून टाकतो. आता २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्क्वॉश पहिल्यांदा येतंय, आणि तो निर्णय २०२३ मध्ये आपल्या मुंबईतल्याच बैठकीत झाला होता, तरी आपल्याकडे हा खेळ बघणारे इतके कमी आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. रिकाम्या पडलेल्या सोसायटीच्या कोर्टांमध्ये किती मुलं तयार होऊ शकतील.

जानेवारीत सरांनी एका वेगळ्याच नियमाने गेम खेळायला लावला. कोर्टाच्या फक्त उजव्या अर्ध्या भागात, सगळे शॉट सरळ, आणि टप्पा शॉर्ट लाइनच्या, म्हणजे फ्लोअरवरच्या आडव्या रेघेच्या मागेच पडला पाहिजे. समोर तो सोळा वर्षांचा मुलगा, सरांचा जुना विद्यार्थी, पळायला वारा. पहिला गेम ११-२ हरले. दुसरा ११-४. तिसऱ्या गेममध्ये एक रॅली झाली, लांब चालली, मोजली नाही पण वीसच्या वर शॉट असतील, आणि मला एकदाही घाई झाली नाही. रॅकेट वर, शेजारी पाय, थांब, मार. शेवटचा बॉल भिंतीला असा चिकटून गेला की त्याची रॅकेट भिंतीला खरडली, खर्रर्र असा आवाज आला आणि बॉल तिथेच मेला. तो म्हणाला, "काकू, भारी होता हा." गेम मी ११-७ हरले. घरी येऊन नवऱ्याला ती एक रॅली तीनदा सांगितली.

सगळं जमलं असं अजिबात नाही. दमले की पहिलं काय जात असेल तर गुडघा वाकणं, आणि मग पाठोपाठ मनगट परत येतं, जुनं भाडेकरू असल्यासारखं. समोर उजव्या कोपऱ्यात पळत गेले तर अजून बॉलच्या अंगावरच जाते. कागदावर पन्नासपैकी २३ हा आजपर्यंतचा सगळ्यात चांगला आकडा आहे, तोही रेड डॉटनी, सिंगल यलो घेतला की १४-१५ वर येतो. आणि मागच्या भिंतीवरून परत येणारा बॉल, ज्यात उजवा पाय पुढे घेऊन मारायचं असतं, तो मी कालपासून सुरू केलाय. काल पन्नास मारले. एकही कागदावर पडला नाही, पण शेवटच्या दहापैकी सहा टिनच्या वर होते. उद्या सकाळी सहाला परत कोर्ट बुक केलंय.